अडतीस नंबरचा बोल्ट

गुरुवारी संध्याकाळी मी अडतीस नंबरच्या रायफलीचा बोल्ट मागे ओढला आणि तो आला. कुरकुरला नाही की अडला नाही, लोण्यात सुरी घातल्यासारखा सरळ मागे आला. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

कारण तो असा येत नाही! आदल्याच रविवारी याच बोल्टने माझ्या मनगटाची वाट लावली होती. बोल्ट म्हणजे रायफलीची कडी समजा. वर उचलून मागे ओढली की रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं. मग पुढे ढकलायची, नवं काडतूस आत जातं, आणि खाली पाडली की दार बंद. जुन्या रायफलीत प्रत्येक गोळीला हे सगळं हाताने करायचं. अडतीस नंबरची कडी निम्म्यावर अडायची, तिथे मनगटाला एक छोटा झटका द्यावा लागायचा. तो झटका शिकायला मला तीन महिने लागले होते. आणि आता झटका देऊन बघते तर समोर काहीच नाही, नुसती हवा. जिन्याची एक पायरी जास्त समजून पाय टाकावा तसं झालं.

"आजोबा, हा बोल्ट बदललाय."

"तेल घातलंय," आजोबा म्हणाले. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते मैदानाच्या टोकाला लावलेल्या निशाणांकडे बघत होते.

"तेलाने इतका फरक?"

"तोफे, तोंड कमी आणि हात जास्त. चल, परत दहा वेळा. आणि आज गोळ्या नकोत, नुसता हात बसव."

हे दुसरं आश्चर्य. रविवारची स्पर्धा तीन दिवसांवर आलेली आणि आजोबा गोळ्या नको म्हणतायत? एरवी ते क्लबच्या कपाटातून दोन गोळ्या जास्त मिळाव्यात म्हणून सेक्रेटरीबाईंशी अर्धा तास हुज्जत घालतात.

आता ही स्पर्धा काय ते सांगते. आमच्या गावाबाहेर एक रायफल क्लब आहे. त्याच्याकडे बारा जुन्या सैनिकी रायफली आहेत, लाकडी दस्त्याच्या, माझ्या आजोबांच्याही आधीच्या. आणि सहा नव्या, काळ्या, गोळी झाडली की पुढची आपोआप भरणाऱ्या. वर्षातून एकदा क्लब सगळ्यांसाठी खुला असतो, तेव्हा जुनी विरुद्ध नवी असा सामना होतो. एक मिनिट, शंभर मीटर, जमेल तेवढ्या गोळ्या. दर वर्षी नवी जिंकते आणि दर वर्षी आजोबा म्हणतात की वारा होता.

यंदा मात्र गंमत नव्हती. क्लबच्या समितीने ठरवलं होतं की सामन्यानंतर जुन्या रायफलींचा निकाल लावायचा. वापरात ठेवायच्या, नाहीतर नळ्या कायमच्या बुजवून भिंतीवर टांगायच्या. आजोबा तीस वर्षं सैन्यात होते आणि त्यातली निम्मी नवीन पोरांना याच जातीची रायफल शिकवण्यात गेली. भिंतीवर टांगायचं हे ऐकून ते दोन दिवस जेवले नव्हते. म्हणजे आईसमोर जेवले नव्हते, नंतर डबे उघडून खात होते, पण दुःख खरं होतं.

सामन्यात तेच उतरणार होते. मंगळवारी समितीने त्यांचा थरथरणारा उजवा हात बघितला आणि नाही म्हटलं. मग कोण? मी! वय सोळा, गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला "हजर" म्हणतानासुद्धा घसा बसायचा, आणि आता शाळेत तोफ म्हणून प्रसिद्ध. निवड झाल्याचं कळलं तेव्हा मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरले. आजोबा खुर्चीत बसून राहिले. खूश व्हायचं सोडून म्हणाले, "तू कशाला? तुझा खांदा केवढा!"

मला वाईट वाटलं. आणि नंतर नवलही वाटलं, कारण खांदा तयार केला तो त्यांनीच.

तर, बोल्ट.

आजोबा पाणी प्यायला गेले तेव्हा मी रायफल खिडकीच्या उजेडात धरली. या जुन्या रायफलींचं असं असतं की प्रत्येकीचा बोल्ट तिच्यापुरता घासून बसवलेला असतो. म्हणून दोन ठिकाणी एकच नंबर ठोकतात, एक रायफलीच्या अंगावर, एक बोल्टच्या दांडीवर. हे मला आजोबांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं, "बोल्ट म्हणजे दात घासायचा ब्रश. आपला तो आपला. दुसऱ्याचा तोंडात घालायचा नाही."

रायफलीच्या अंगावर अडतीस होतं. दांडीवर होतं बावन्न.

बावन्न नंबरची रायफल कुठे असते ते क्लबात सगळ्यांना माहीत आहे. ती क्लबच्याच दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असते, कधीही न झाडलेली, कोरी करकरीत. म्हणजे कोणीतरी कपाट उघडून दोन्ही बोल्टची अदलाबदल केली होती. आणि कोणीतरी म्हणजे कोण, हे मला लगेच कळलं. मी हुशार आहे, असं मला त्या क्षणी वाटलं.

मिस्त्री!

मिस्त्रीकाका क्लबच्या हत्यारांची दुरुस्ती करतात. बारीक, उंच, बोटांची टोकं कायम काळी. ते नव्या रायफलींच्या बाजूचे आणि सामन्यात नवी चालवणारेही तेच. त्यांचं आणि आजोबांचं भांडण म्हणजे क्लबातली फुकटची करमणूक.

"हिचं वजन बघा, मिस्त्री," आजोबा म्हणायचे. "खांद्यावर घेतली की कळतं, काहीतरी घेतलंय."

"कळतंच की. रात्री खांदा चोळताना आणखी कळतं."

"आणि तुमची ती प्लास्टिकची! हातात घेतली की बादली घेतल्यासारखं वाटतं."

"बादली ओलीने फुगत नाही, आजोबा. तुमचं लाकूड फुगतं, नळीला टेकतं, आणि गोळी जाते शेजारच्या अंगणात."

"आमची गोळी मोठी. लांब जायची, आणि गेली की पोचायची."

"आमची लहान, म्हणून एक माणूस दुप्पट नेतो."

"दुप्पट लागतात कशाला? आम्ही एका गोळीत काम करायचो."

"कारण दुसरी भरेपर्यंत समोरचा जेवून यायचा!"

यावर आजोबा नाक वर करून निघून जायचे. खरं सांगू का? मला नवीही आवडते. धक्का कमी, नेम धरायला सोपी, आणि डोळा निशाणावरून न हलवता दुसरी गोळी सुटते. जुनीत प्रत्येक गोळीनंतर हात दस्त्यावरून काढून कडीवर न्यावा लागतो आणि नेम मोडतो. पण जुनी शिकवते. दहाच गोळ्या आहेत आणि प्रत्येकीला हात लावायचाय म्हटल्यावर माणूस विचार करतो. मी हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. आजोबांना दाखवलं नव्हतं.

शुक्रवारी शाळा सुटल्याबरोबर मी क्लबात हजर. मिस्त्रींवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची असं ठरवलं होतं. मी जुन्या मासिकांच्या टेबलाशी बसले आणि एक मासिक तोंडासमोर धरलं. दहा मिनिटांनी मिस्त्रीकाका जवळ येऊन म्हणाले, "उलटं धरलंयस."

मी सुलटं केलं.

तेवढ्यात त्यांनी खिशातून किल्ली काढली. काचेच्या कपाटाची! ती किल्ली एरवी सेक्रेटरीबाईंच्या टेबलाच्या खणात असते. यांच्या खिशात काय करतेय? त्यांनी कपाट उघडलं, आतून फडकं फिरवलं, कुलूप लावलं आणि किल्ली परत खिशात टाकली. खणात नाही, खिशात.

"काका, किल्ली तुमच्याकडेच असते का?"

"बुधवारपासून. प्रदर्शनाची सगळी तयारी माझ्या गळ्यात पडलीय. का गं?"

"सहज."

"तुझं सहज मला आवडत नाही," ते म्हणाले आणि कामाच्या खोलीत गेले.

मी काचेला नाक लावून आत बघितलं. बावन्न नंबरची रायफल उभी होती आणि तिच्या बोल्टची दांडी घासून घासून चकाकत होती. कधीच न वापरलेल्या रायफलीची दांडी इतकी घासलेली? तो माझा बोल्ट होता, मी त्याला कुठेही ओळखलं असतं! दाराच्या कडेला आतून अंगठ्याचा एक पिवळट डाग होता, फडक्यातून सुटलेला. दाराच्या फटीला नाक लावलं तर अळशीच्या तेलाचा वास. तो वास मला ओळखीचा वाटला, पण तेव्हा माझं सगळं लक्ष मिस्त्रींच्या पाठीकडे होतं.

डोक्यात सगळं जुळलं. जुनी रायफल हरवायची. ऐन सामन्यात परका बोल्ट अडेल, नाहीतर तपासणीत नंबर जुळणार नाही आणि आम्ही बाद. किती नीच! घरी जाताना मी रस्त्यातला प्रत्येक दगड लाथेने उडवला.

शनिवारी सकाळी आजोबांना सगळं सांगितलं. ते स्वयंपाकघरात बसून रविवारच्या रायफलीसाठी फडकी कापत होते. ऐकताना कात्री थांबली.

"नंबर बघितलास?"

"दोनदा. अंगावर अडतीस, दांडीवर बावन्न. मिस्त्रींनीच केलंय. किल्ली त्यांच्याकडेच आहे!"

"हे बघ," आजोबा हळू म्हणाले, "एकाच कारखान्यातल्या एकाच खेपेच्या रायफली त्या. बोल्ट काय, बोल्टच असतो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ब्रशचं काय झालं? पण ते पुढे जे म्हणाले ते त्याहून विचित्र होतं. "असं कर. उद्या ताप आलाय सांग. मी सांगतो तुझ्या आईला."

"मला ताप नाहीये."

"येईल."

"आजोबा!"

आई ओट्याशी होती. ती वळून म्हणाली, "काय चाललंय तुम्हा दोघांचं? ताप कोणाला?"

"कोणालाच नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मला वाटलं, त्यांचा माझ्यावर विश्वासच नाही. मी हरेन आणि माझ्यामुळे त्यांच्या रायफली भिंतीवर जातील, असं वाटतंय त्यांना. डोळ्यात पाणी आलं आणि त्याचा राग आला. रागाच्या भरात मी सायकल काढली. आजोबा मागून हाका मारत होते. मी थांबले नाही.

सेक्रेटरीबाई क्लबात याद्या करत होत्या. मी दारातूनच सुरू झाले. बोल्ट, बावन्न, कपाट, किल्ली, मिस्त्री. माझा आवाज असा लागला की कामाच्या खोलीतून मिस्त्रीकाका स्वतःच बाहेर आले.

"मी?" ते म्हणाले. "मी केलं?"

"किल्ली तुमच्या खिशात आहे!"

मला वाटलं होतं, त्यांच्या तोंडचं पाणी पळेल. तसं झालंही, पण चोरी पकडल्यावर होतं तसं नाही. ते अडतीस नंबरची रायफल घेऊन आले, कामाच्या टेबलावर ठेवली आणि नंबर बघितला. मग खणातून एक छोटा चकचकीत तुकडा काढला, काडतुसाच्या आकाराचा.

"हे गेज. ठरलेल्या मापापेक्षा केसभर लांब असतं. बोल्ट बरोबर असेल तर तो यावर बंद होत नाही. अडायलाच हवा."

त्यांनी तुकडा आत ठेवला आणि दांडी एका बोटाने खाली पाडली. ती गेली, सहज, पूर्ण बंद.

मग सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काडतुसामागे जागा जास्त राहते. गोळी झाडली की काडतुसाचं पितळ मागून फाटू शकतं, आणि गरम वायू मागे येतो." त्यांनी स्वतःच्या उजव्या डोळ्यासमोर हात धरला. "इथे. उद्या ही कोण झाडणार होतं?"

मी. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही, एका वर्षात पहिल्यांदाच.

तेवढ्यात आजोबा आले. घरापासून चालत आले होते, धापा टाकत होते. त्यांनी टेबलावरची रायफल बघितली, त्यातलं गेज बघितलं, आणि दाराच्या चौकटीला हात टेकून उभे राहिले. त्यांची बोटं माझ्या अगदी नाकासमोर होती. अळशीचं तेल. दर आठवड्याला ते लाकडी दस्त्यांना हातानेच तेल चोळतात. दुसरं कोणी चोळत नाही, नव्या रायफलींना लाकूडच नाही.

"सेक्रेटरीबाई," मी विचारलं, आणि मला विचारायचं नव्हतं, "मिस्त्रीकाकांच्या आधी किल्ली कोणी नेली होती?"

"सोमवारी आजोबांनी. काच पुसतो म्हणाले."

आजोबांनी चौकटीवरचा हात खाली घेतला. मी वाट बघत होते. मनातल्या मनात त्यांच्यासाठी कारणंही शोधत होते, भराभर, एकावर एक. मिस्त्रीकाकांवर मी एवढे आरोप केले होते, आता एका वाक्यात त्याची परतफेड करता आली असती. ते नुसते गेज बाहेर काढून पुसत राहिले.

"मी केलं," आजोबा म्हणाले.

मग ते खुर्चीवर बसले आणि एकदम म्हातारे दिसले. "मीच झाडणार होतो तेव्हा. हात असा थरथरतो. तो झटका आता माझ्याने बसत नाही. म्हटलं, कोऱ्या रायफलीचा बोल्ट गुळगुळीत असेल, चार गोळ्या जास्त सुटतील. रिकामं काडतूस घालून बघितलं होतं, नीट बंद झालं."

"रिकाम्याने काय कळतं!" मिस्त्रीकाका पहिल्यांदा ओरडले. "रिकामं बंद होणारच!"

"मंगळवारी मला काढलं आणि हिला घेतलं. बुधवारी परत ठेवायला आलो तर किल्ली तुमच्या खिशात."

"मागायची होतीत."

"तुमच्याकडे?" आजोबा म्हणाले. त्या एका शब्दात त्यांची चार वर्षांची सगळी भांडणं होती.

सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढून ठेवला. सामना होईल, म्हणाल्या, अडतीस नंबर स्वतःच्या बोल्टने आणि मिस्त्रींनी तपासल्यावर. आजोबांनी मात्र हत्यारांना हात लावायचा नाही, दोरीच्या बाहेर लोकांत बसायचं.

मी मिस्त्रीकाकांची माफी मागितली. ते म्हणाले, "मासिक सुलटं धरायला शीक आधी." मग जरा थांबून, "नंबर बघितलास ते बरं केलंस."

रविवारी मैदान भरलं होतं. मी पालथी पडले, दस्ता गालाला लावला आणि शिट्टी झाली. बोल्ट निम्म्यावर अडला, मी झटका दिला, गेला. परत, आणि परत. हातात फोड आला. पहिल्या दहा गोळ्या संपल्यावर पाच-पाचच्या दोन पट्ट्या वरून दाबून भरल्या, त्यात बारा सेकंद गेले. मिनिटात तेरा गोळ्या. तेराही तळहाताएवढ्या जागेत! निशाण जवळ आणल्यावर लोक ओरडले आणि मी दोन्ही हात वर करून नाचले, लाजबिज काही वाटलं नाही. मग मिस्त्रीकाका. नवीने मिनिटात बेचाळीस गोळ्या, निशाणभर पसरलेल्या, पण एकही बाहेर नाही.

त्यानंतर समिती तिथेच टेबलाभोवती बसली. दोघं म्हणाले, नेम जुनीचाच चांगला. मला वाटलं, जिंकलो आपण. मग सेक्रेटरीबाईंनी मिस्त्रींना दोन नव्या रायफली खोलायला सांगितल्या आणि बोल्टची अदलाबदल करून त्यांच्या मापाचं गेज लावायला सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर लावलं. दोन्ही बोल्ट गेजवर अडले, जसे अडायला हवेत तसे.

"हिच्यात एकीचा भाग दुसरीला चालतो, तशीच बनवलीय," बाई म्हणाल्या. "जुनीत चालत नाही. ती चांगली आहे, पण शेवटचा हात कोणाचा लागला हे माहीत असेल तरच. आणि मला आता ते माहीत नसतं."

त्यांनी आजोबांचं नाव घेतलं नाही. दोरीपलीकडे आजोबा मान खाली घालून बसले होते. हात वर झाले, पाचातले चार. बाराही रायफली भिंतीवर.

घरी आम्ही चालत निघालो. दोन गल्ल्या मागे पडल्या. मग मीच विचारलं, कारण मला रात्रभर तेच टोचत होतं.

"मला नंबर दिसलाच नसता तर? आज मी पालथी पडेपर्यंत तुम्ही सांगितलं असतंत?"

"ताप आण म्हटलं होतं ना."

"आणि नसता आणला तर?"

"ओरडलो असतो," ते म्हणाले. "शिट्टीच्या आधी ओरडलो असतो." मग दहा पावलांनंतर, "असं वाटतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच मला राग आला. तरी त्यांच्या हातातली पिशवी मी घेतली.

मोठ्या रस्त्याशी पोचलो. लहानपणापासून रस्ता ओलांडताना आजोबा "चल" म्हणतात आणि मी न बघता चालते. आजही ते म्हणाले, "चल."

मी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग निघाले.